त्सुनामीपूर्वीची पायवाट मिनिटांत मोजणारे साधन: ‘पेडेस्ट्रियन इव्हॅक्युएशन अ‍ॅनालिस्ट’चे परीक्षण

किनाऱ्याजवळच समुद्रतळाखाली मोठा भूकंप झाला, तर पहिली लाट येईपर्यंत माणसांच्या हाती फार थोडा वेळ उरतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरच्या कॅस्केडिया भ्रंशपट्ट्यासाठी हा वेळ साधारण १५ ते २५ मिनिटांचा मानला जातो, आणि त्यातली पहिली काही मिनिटे तर जमीन हादरण्यातच जातात. रस्ते भेगाळलेले, विजेच्या तारा तुटलेल्या आणि चौकाचौकांत गाड्या अडकलेल्या, अशा स्थितीत वाहनाने निघणे धोक्याचे ठरते. म्हणून अशा किनाऱ्यांवर लोकांना पायीच उंचावर जाण्यास सांगितले जाते. अशा वेळी अमुक घर, अमुक शाळा किंवा अमुक वृद्धाश्रम उंच जमिनीपासून किती किलोमीटरवर आहे, या माहितीचा फारसा उपयोग नसतो. तिथून चालत निघालेला माणूस किती मिनिटांत पोचेल, हे कळावे लागते. नेमका हाच हिशेब करून देणारे ‘पेडेस्ट्रियन इव्हॅक्युएशन अ‍ॅनालिस्ट’ हे साधन अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने, म्हणजे यूएसजीएसने, २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. जीन जोन्स, पीटर एन्ग आणि नेथन वुड यांनी लिहिलेली त्याची पुस्तिकाही त्याच वर्षीची आहे. हे परीक्षण त्या मूळ आवृत्तीचे आहे, जी आर्कजीआयएस डेस्कटॉप या नकाशे आणि भूमाहिती हाताळणाऱ्या संगणकीय प्रणालीवर चालते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे साधन अत्यंत नेटकेपणाने देते, आणि त्या उत्तरापर्यंतची प्रत्येक पायरी उघडी ठेवते. अडचण एवढीच आहे की तयार होणारा रंगीत नकाशा पाहणाऱ्याला भलत्याच प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. ‘सुरक्षित जागा किती मिनिटांच्या चालण्यावर आहे’ हे नकाशा सांगतो. पाहणारा मात्र ‘माणसे वाचतील की नाही’ असे त्यात वाचतो. या दोहोंमधले अंतर ज्याच्या लक्षात आहे, त्याने हे साधन जरूर वापरावे.

साधनाच्या मुळाशी किमान खर्चाच्या अंतराचे गणित आहे. धोक्याच्या पट्ट्यातील जमीन समान चौकटींमध्ये विभागली जाते. प्रत्येक चौकटीला तिची उंची आणि तिच्यावरचे आच्छादन, म्हणजे डांबरी रस्ता, झुडपे, वाळू, दलदल किंवा पाणी, जोडलेले असते. आणि मग प्रत्येक चौकटीपासून सर्वांत कमी वेळात सुरक्षित जमिनीच्या कडेपर्यंत कसे पोचता येईल, हे काढले जाते. रस्त्यांच्या जाळ्यावर आधारलेल्या पद्धतींपेक्षा याचा मोठा फायदा असा, की जीव वाचवण्यासाठी पळणारा माणूस रस्ता सोडून मैदानातून, परसातून, टेकडीच्या उतारावरून जाईल हे इथे गृहीत धरलेले असते. इमारती आणि पाणी यांना मात्र शून्य वेग दिलेला असतो. त्यांना वळसा घालूनच जावे लागते.

चढ-उताराचा परिणाम भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉबलर यांच्या १९९३ च्या सूत्राने मोजला जातो. स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी नोंदवलेल्या पायी चालण्याच्या आकड्यांवरून बनवलेल्या या सूत्रानुसार माणूस सर्वांत वेगाने चालतो तो सपाटीवर नव्हे, तर सुमारे ५ टक्के उतारावर, ताशी ६ किलोमीटर वेगाने. सपाटीवर हा वेग ताशी ५ किलोमीटरच्या किंचित वर असतो. १० टक्के चढावर तो साडेतीनवर येतो आणि ३० टक्के चढावर पावणेदोनच्या आसपास घसरतो. त्सुनामीच्या बाबतीत शेवटचा आकडा विशेष महत्त्वाचा आहे, कारण सुटकेच्या वाटेचा शेवटचा टप्पा बहुधा टेकडीच्या चढणीचाच असतो, आणि सपाटीवर कमावलेली मिनिटे तिथे भराभर खर्च होतात.

या गणितातील एक बारकावा इथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. माणसे धोक्यातून सुरक्षित जागेकडे चालतात. संगणक मात्र हिशेब सुरक्षित जागेपासून सुरू करून बाहेर, समुद्राच्या दिशेने पसरवत नेतो, कारण तसे केल्याने एकाच फेरीत सगळ्या चौकटींचा वेळ निघतो. यामुळे माणसाच्या वाटेतला चढ संगणकाला उतार दिसतो. ही अदलाबदल लक्षात घेऊन उताराचा तक्ता उलटा केला नाही, तर काय होते पाहा. सेकंदाला १.१ मीटर वेगाने चालणारा माणूस सपाटीवरचे ५०० मीटर साधारण साडेसात मिनिटांत कापतो. तेवढाच रस्ता १० टक्के चढाचा असेल तर टॉबलरच्या प्रमाणाने पावणेअकरा मिनिटांहून थोडे अधिक लागतात. उलट १० टक्के उताराचा वेळ सपाटीइतकाच येतो, कारण सूत्राच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना शून्य आणि उणे १० हे समान अंतरावर पडतात. म्हणजे दिशा चुकली तर एका चढणीत तीन मिनिटे आपोआप ‘वाचतात’, नकाशा दिसायला तितकाच सुबक राहतो, आणि चूक कुणाच्या नजरेस येत नाही. हातानेच हे गणित मांडणाऱ्यांकडून ही गफलत होण्याचा संभव फार. तयार साधनाचे खरे मोल अशा ठिकाणी कळते. तरीही वापरणाऱ्याने एखादा सरळ, ओळखीच्या चढाचा रस्ता निवडून त्यावरचा आकडा वहीत मांडून पडताळावा, अशी माझी शिफारस आहे; त्याला कागद, पेन्सिल आणि थोडा संयम एवढेच लागते.

आच्छादनाचे गुणांक सोल आणि गोल्डमन यांच्या १९७२ च्या अभ्यासातून आलेले आहेत. ओझे घेऊन चालणाऱ्या सैनिकांना वेगवेगळ्या जमिनीवर किती ऊर्जा खर्च करावी लागते, हे त्यांनी मोजले होते: पक्क्या रस्त्यासाठी १ धरला तर विरळ झुडपांसाठी १.२, दाट झुडपांसाठी १.५, दलदलीसाठी १.८ आणि सैल वाळूसाठी २.१. या आकड्यांचा व्यस्त घेतला की वेग किती टिकतो ते मिळते. वाळूत तो निम्म्याहूनही कमी, सुमारे ०.४८. त्यामुळे सेकंदाला १.१ मीटर वेगाने ३०० मीटरची पक्की वाट साडेचार मिनिटांची असेल, तर तेवढाच वाळूचा पट्टा साडेनऊ मिनिटांचा होतो. रुंद पुळणीच्या गावात पर्यटकांसाठी वाळूवर टाकलेली फळ्यांची वाट किती मोलाची ठरू शकते, हे एवढ्या एका आकड्यावरून कळावे.

हे गुणांक वापरताना दोन गोष्टी मनात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की ऊर्जेचा खर्च आणि वेगातील घट या एकच नव्हेत. माणूस जास्त दमून तोच वेग काही काळ टिकवू शकतो, आणि जीवावर बेतले असता तसे करतोही. दुसरी अधिक गंभीर आहे. सैनिकांच्या पायांवर मोजलेले प्रमाण आपण वॉकर घेऊन चालणाऱ्या आजीला, कडेवर मूल घेतलेल्या आईला आणि चाकाच्या खुर्चीला लावत असतो. वाळूत सैनिकाचा वेग अर्धा होत असेल, पण चाकाच्या खुर्चीचा शून्यच होतो. साधनात गुणांक बदलण्याची सोय आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. मात्र बहुतेक वापरकर्ते दिलेले आकडेच ठेवतात, आणि मग तेच आकडे जणू निसर्गनियम असल्यासारखे अहवालांतून फिरत राहतात.

मूळ वेग कोणता धरायचा, हे वापरकर्त्याच्या हाती आहे. या क्षेत्रातील अभ्यासांत सावकाश चालण्यासाठी सेकंदाला १.१ मीटर आणि भरभर चालण्यासाठी १.५२ मीटर हे आकडे वारंवार येतात. यांतला पहिला आकडा फार कमी वाटू नये. अमेरिकेतील वाहतूक-नियमावलीत पादचाऱ्यांना सिग्नलवर रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा, हे ठरवताना धरला जाणारा सेकंदाला साडेतीन फुटांचा वेग जवळपास तेवढाच भरतो, आणि २००९ च्या आवृत्तीत तो चार फुटांवरून खाली आणला गेला, हेही बोलके आहे. माझ्या मते नियोजनाचा मुख्य नकाशा सावकाश वेगाचाच असावा, आणि भरभर चालण्याचा नकाशा त्याच्या शेजारी केवळ तुलनेसाठी ठेवावा. दोन्ही नकाशांत लाल, म्हणजे वेळेत न पोचणारी, राहणारी वस्ती आणि एकात लाल पण दुसऱ्यात हिरवी होणारी वस्ती, यांच्यासाठीचे उपाय अगदी वेगळे असतात: पहिलीला बचाव मनोरा (लाटेच्या वर चढून थांबता येईल अशी उंच, मजबूत वास्तू) किंवा नवी वाट लागते, तर दुसरीला सराव आणि मदतीची व्यवस्था पुरेशी ठरू शकते.

आता साधनाला लागणाऱ्या माहितीकडे वळतो, कारण खरे कष्ट इथेच पडतात. उंचीचा रास्टर (प्रत्येक चौकटीत एक आकडा असलेला नकाशा), जमिनीच्या आच्छादनाचा रास्टर, रस्ते, इमारतींच्या कडा, धोक्याच्या क्षेत्राची सीमा आणि लोकसंख्या, एवढे सगळे एकाच नकाशा-प्रक्षेपणात, एकाच चौकटीच्या मापात बसवावे लागते. अमेरिकन किनाऱ्यासाठी ही माहिती बव्हंशी खुली आणि फुकट आहे, म्हणून तिथे हे काम काही आठवड्यांचे न राहता काही दिवसांचे होते. पण माहिती उपलब्ध असणे आणि ती चालण्याच्या हिशेबाला योग्य असणे, यात फरक आहे.

पुलांचेच उदाहरण घ्या. लिडारवरून, म्हणजे लेझर किरणांनी केलेल्या उंचीच्या मापनावरून, बनवलेल्या ‘उघड्या जमिनी’च्या उंचीच्या रास्टरमधून झाडे आणि इमारतींबरोबर पूलही काढून टाकलेले असतात. अशा रास्टरवर गणित चालवले, तर पुलावरून सरळ जाणारा माणूस नदीचा काठ उतरून तळाशी जातो आणि पलीकडचा काठ चढतो. आच्छादनाच्या रास्टरमध्ये तिथे पाणी असेल, तर तो पोचतच नाही. म्हणून पुलांची पातळी उंचीच्या रास्टरमध्ये हाताने भरावी लागते आणि रस्त्यांचा थर आच्छादनावर चढवावा लागतो. याच्या उलट, भूकंपात पूल पडला तर काय, हे पाहायचे असेल, तेव्हा तोच पूल पुन्हा काढायचा. ओरेगॉनमधील सीसाइड हे गाव नेकॅनिकम नदी आणि नीअवाना खाडी यांच्यामुळे पट्ट्यापट्ट्यांत विभागलेले आहे, आणि समुद्राकडच्या पट्ट्यातून पूर्वेच्या टेकड्यांकडे जायला पूल ओलांडावेच लागतात. अशा गावाचा नकाशा पुलांसह आणि पुलांशिवाय पाहिला की एखाद्या पुलाच्या मजबुतीकरणावर खर्च का करावा, याचे उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा लवकर समोर येते. साधनाचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो: एक बदल करायचा, हिशेब पुन्हा चालवायचा आणि किती माणसे किती मिनिटांच्या आत आली, ते पाहायचे.

दुसरा बारकावा कुंपणांचा आणि ओढ्यांचा आहे. एका चौकटीच्या रुंदीचा ओढा रास्टरमध्ये तिरका जात असेल, तर त्याच्या चौकटी एकमेकींना फक्त कोपऱ्यावर स्पर्श करतात. हे गणित आठ दिशांनी पाऊल टाकते. त्यामुळे ते दोन ओल्या चौकटींच्या मधल्या कोपऱ्यातून बिनदिक्कत पलीकडे निघून जाते, आणि जिथे पूल नाही तिथे नकाशावर पूल उगवतो. नकाशावर हे ओळखण्याची खूण अशी, की ओढ्याच्या पलीकडे वेळेचा एक अरुंद, हिरवा सुळका अचानक आत घुसलेला दिसतो. अशा रेषा दोन चौकटी जाड करून घेणे हा साधा उपाय आहे. तो गणित सुरू करण्याआधीच करावा, कारण असे दहा सुळके तयार नकाशात शोधत बसणे म्हणजे दळणातले खडे भाकरीत शोधण्यासारखे आहे.

चौकटीचा आकार हा मापाचा, तसाच संगणकाच्या सोशिकतेचा प्रश्न आहे. दहा मीटरच्या चौकटीत दोन घरांमधली गल्ली नाहीशी होते आणि कुंपण दिसतच नाही. एक मीटरच्या चौकटीत दोन्ही दिसतात, पण चौकटींची संख्या शंभरपट होते. विरळ वस्तीच्या किनाऱ्यासाठी मोठी चौकट चालून जाईल. दाट वस्तीसाठी बारीक चौकटीला पर्याय नाही.

हिशेब झाल्यावर हाती येणाऱ्या गोष्टींमध्ये मिनिटांचा नकाशा सर्वांत देखणा असला, तरी त्याहून उपयोगी मला लोकसंख्येचा आलेख वाटतो. आडव्या अक्षावर मिनिटे आणि उभ्या अक्षावर तेवढ्या वेळात सुरक्षित जागी पोचू शकणारी माणसे, असा हा आलेख रहिवासी, नोकरदार, शाळा, रुग्णालये अशा गटांसाठी वेगवेगळा काढता येतो. त्यावर लाट येण्याच्या वेळी एक उभी रेघ मारली, की रेघेच्या उजवीकडे किती माणसे उरतात, ते गावाच्या सभेतही समजावून सांगता येते. मर्यादा अशी, की जनगणनेची माहिती माणूस रात्री कुठे झोपतो ते सांगते. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी पुळणीवर किती जण आहेत, ते सांगत नाही, आणि पर्यटनावर जगणाऱ्या गावात नेमका तोच आकडा सर्वांत मोठा असू शकतो. ती भर वापरकर्त्याने स्वतः घालायची.

बचाव मनोऱ्यांच्या जागा पडताळण्याची सोय हा या साधनाचा दुसरा मोठा गुण. प्रस्तावित इमारतीला सुरक्षित जागा मानून हिशेब पुन्हा चालवला, की तिच्यामुळे किती जास्त माणसे वेळेत पोचू शकतात आणि कोणत्या भागातून येतात, ते दिसते. हा प्रश्न कागदी नाही. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर लांबच लांब, सपाट वाळूच्या भूशिरांवर वसलेली अशी गावे आहेत, जिथे चालत पोचता येईल अशी उंच जमीनच नाही. त्याच राज्यात वेस्टपोर्टजवळ २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या ओकोस्टा शाळेच्या व्यायामशाळेचे छप्पर सुमारे हजार माणसांना आसरा देण्यासाठी बांधले गेले. अमेरिकेतील ही या प्रकारची पहिली वास्तू. पुढे २०२२ मध्ये शोलवॉटर बे जमातीने टोकलंडजवळ चारशेहून अधिक लोकांसाठी स्वतंत्र मनोरा उभारला. मात्र साधन ‘किती जण पोचतील’ एवढेच सांगते, ‘किती जण मावतील’ हे पाहणे आपल्यावर असते. फेमा या अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पी-६४६ या मार्गदर्शिकेत प्रत्येक माणसामागे किमान दहा चौरस फूट जागा सुचवलेली आहे. तेवढ्या मापाने आलेखातले आकडे छपराच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावेत. दोन मनोरे जवळजवळ असतील तर गर्दी त्यांच्यात कशी विभागेल, हेही साधन सर्वांत कमी वेळाच्या न्यायानेच ठरवते. प्रत्यक्षात माणूस ओळखीच्या इमारतीकडे धावतो.

आता जे या साधनात नाही त्याविषयी. सर्वांत मोठी उणीव निघण्यातल्या दिरंगाईची. पहिले पाऊल उचलल्यापासूनचा वेळ साधन मोजते. ते पाऊल कधी उचलले जाईल, हे त्याच्या कक्षेत नाही. जपानमधील इशिनोमाकी शहराच्या ओकावा प्राथमिक शाळेचे उदाहरण यासाठी विसरता येत नाही. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि ३ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास लाट शाळेवर आली. शाळेच्या मागेच टेकडी होती. तरीही मुलांना बराच काळ मैदानातच थांबवून ठेवले गेले, आणि ७४ मुले व १० शिक्षक मृत्युमुखी पडले. किमान खर्चाच्या कोणत्याही नकाशावर ही शाळा सर्वांत सुरक्षित रंगात दिसली असती. त्याच दिवशी कामाइशीच्या उनोसुमाई भागातील दोन शाळांची मुले ताबडतोब निघाली, ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथेच न थांबता आणखी वर गेली, आणि वाचली. टेकडी दोन्हीकडे होती. फरक पडला तो निघण्याच्या क्षणाने. म्हणून नकाशासोबत भूकंपाचे हादरे आणि निघण्याची तयारी यांसाठी धरलेली मिनिटे ठळकपणे छापलेली असावीत. ती वजा न करता दाखवलेला नकाशा मी तरी कुणाच्या हाती देणार नाही.

गर्दी हा दुसरा मुद्दा. या गणितात प्रत्येक माणूस एकटा चालतो, आणि पुलाच्या अरुंद जिन्यावर पाचशे माणसे एकाच वेळी आली तरी कुणाचाही वेग कमी होत नाही. विरळ वस्तीत हे चालून जाते. दाट शहरासाठी प्रत्येक माणसाची स्वतंत्र हालचाल दाखवणारी प्रतिमाने लागतात. सीसाइडसाठी नेटलोगो आणि इंडोनेशियातील पाडांग शहरासाठी मॅटसिम या संगणकीय साधनांत अशी प्रतिमाने केली गेली आहेत. त्यांत कोंडीही दिसते आणि वाहने व पादचारी यांची सरमिसळही. पण माणसे कधी निघतील, कोणता रस्ता निवडतील, याविषयीची गृहीतके त्यांत एवढी भरावी लागतात की छोट्या नगरपालिकेच्या नियोजन विभागाला ती पेलणे कठीण. दोन्ही पद्धती हाताळणाऱ्याने आधी मिनिटांचा नकाशा काढावा आणि ज्या एखाद-दुसऱ्या जागी हजारो माणसे एकाच वाटेला लागतात, तेवढ्याच जागेसाठी दुसरी पद्धत वापरावी, असे मला वाटते.

वेगांच्या बाबतीत न्यूझीलंडमधील नेपिअर शहरासाठी स्टुअर्ट फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केलेले काम एक पाऊल पुढचे आहे. सगळ्यांना एकच वेग न देता त्यांनी वेगांचे वितरण धरले, आणि दिवसाच्या वेळेनुसार लोक कुठे असतील, हेही बदलून पाहिले. ‘पेडेस्ट्रियन इव्हॅक्युएशन अ‍ॅनालिस्ट’मध्ये हा परिणाम साधायचा तर वेगवेगळ्या वेगांचे नकाशे काढून ते बाहेर एकत्र करावे लागतात, काम कंटाळवाणे आहे, अवघड नाही.

लाटेचा प्रवास इथे फक्त एका आकड्याने येतो, हे मला सर्वांत खटकते. माणूस वीस मिनिटांत उंचावर पोचतो आणि लाटही तिथवर यायला वीस मिनिटे घेते, तर तो वाचला असे आलेख म्हणतो. पण त्याच्या वाटेत खाडीकाठचा सखल भाग असेल, तर तिथे पाणी बाराव्या मिनिटालाच आलेले असू शकते. ओरेगॉनच्या भूविज्ञान विभागाने ‘बीट द वेव्ह’ नावाने काढलेल्या नकाशांनी हा प्रश्न उलटा मांडला: अमुक जागेवरून निघून लाटेच्या पुढे राहायचे असेल, तर किमान कोणत्या वेगाने चालावे लागेल? तिथे मिनिटांच्या जागी ‘सावकाश चाल’, ‘भरभर चाल’, ‘धाव’ असे रंग दिसतात, पडलेल्या पुलांचाही विचार केलेला असतो, आणि सामान्य माणसाला ते मिनिटांपेक्षा लवकर समजते. नागरिकांच्या हाती द्यायच्या नकाशासाठी मी निःसंशय त्या पद्धतीची निवड करीन. बचाव मनोरा, पादचारी पूल किंवा टेकडीवरची पायवाट कुठे बांधावी, हे ठरवणाऱ्या अभियंत्याला मात्र मिनिटांचा नकाशा अधिक कामाचा आहे.

शेवटी व्यवहाराचा भाग. साधन विनामूल्य आहे, पण ते चालते आर्कजीआयएस डेस्कटॉपवर आणि त्याला स्पेशिअल अ‍ॅनालिस्ट हा सशुल्क जोड लागतो. म्हणजे फुकट मिळालेल्या गाडीसाठी पेट्रोलपंप ठरलेला आहे. त्यातच आर्कजीआयएस बनवणाऱ्या एस्री कंपनीने आर्कमॅपच्या, म्हणजे आर्कजीआयएस डेस्कटॉपमधील मुख्य प्रोग्रामच्या, निवृत्तीसाठी १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने केवळ याच आवृत्तीसाठी परवाना घेणे शहाणपणाचे नाही. पुस्तिका मात्र आजही वाचावी अशी आहे. पद्धत तीत इतक्या स्पष्टपणे मांडलेली आहे, की तीच कामे दुसऱ्या कोणत्याही भूमाहिती प्रणालीत पायरीपायरीने करता येतात.

खुल्या साधनांत ग्रास या मोफत भूमाहिती प्रणालीतील ‘आर.वॉक’ हा त्यासाठी सर्वांत जवळचा पर्याय. तो टॉबलरऐवजी नेस्मिथ आणि लँगम्यूर यांच्या, चढ-उतारानुसार चालण्याचा वेळ काढणाऱ्या, नियमावर चालतो; त्याचा मूळ गुणांक मीटरमागे ०.७२ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर आहे, आणि त्सुनामीच्या कामासाठी तो बदलून मीटरमागे ०.९१ सेकंदांपर्यंत सावकाश करून घ्यावा. उताराचे बाकीचे तीन गुणांकही त्याच प्रमाणात वाढवावेत, नाहीतर चढ प्रमाणाबाहेर सोपा ठरतो. बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने पावले टाकण्याची त्यातली सोय सुरू केली, तर वाटा अधिक सरळ येतात. मात्र अरुंद ओढ्यांवरून उडी मारण्याचा धोकाही वाढतो, म्हणून अडथळ्यांच्या रेषा आणखी जाड कराव्यात. सुरक्षित जागेपासून हिशेब सुरू करताना दिशेची अदलाबदल इथे आपणच करायची असते, आणि त्यासाठी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे उंचीचा अख्खा रास्टर उणे एकने गुणून घेणे: टेकड्या खड्डे होतात, संगणकाचा उतार माणसाचा चढ होतो, आणि मिनिटे बरोबर येतात.